तडा कुठून सुरू होतो



 अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली इथे, तळेगाव दाभाड्यात, काच कारखाना सुरू झाला. त्या गावात काच आणि सिरॅमिकवर चर्चा होते आहे, याचा मला फार आनंद आहे.

खिडकीची साधी काच आणि ॲल्युमिना हे सिरॅमिक, यांचे आकडे आपल्याला पाठ आहेत. काचेची ताठरता सुमारे ७० गिगापास्कल, दाट ॲल्युमिनाची ३७०च्या घरात. काच सातशे अंशांच्या आसपास मऊ पडते. ॲल्युमिना वितळायला दोन हजारांवर अंश लागतात. त्याचं उष्णतेचं वहन तर काचेच्या वीसपटींहून जास्त. पण औष्णिक प्रसरण दोघांचं जवळपास सारखंच. म्हणून तापलेला ॲल्युमिना एकदम पाण्यात गेला, तर त्याची ताठरताच त्याच्यावर उलटते. ताण वाढतो आणि तोही तडकतो. ‘सिरॅमिक आहे, सोसेल’ असं म्हणून निवड करणं मला धोक्याचं वाटतं.

मजबुतीच्या आकड्याबद्दल मात्र मला थोडं आग्रहाने बोलायचं आहे. काचेचा धागा जितका बारीक तितका तो बळकट, हे ग्रिफिथ या संशोधकाने १९२० साली दाखवलं आणि दोष सूक्ष्म चिरांकडे आहे हे सांगितलं. काचेत चीर बहुधा पृष्ठभागावरच्या ओरखड्यातून निघते. तिला अडवायला आत कण नाहीत, ती सरळ धावते. ॲल्युमिनात कणांच्या सीमांवर तिला वळणं घ्यावी लागतात, म्हणून त्याचा चिवटपणा काचेच्या सुमारे पाचपट. तरी धातूंपुढे तो थोडाच! भुकटी दाबून सोळाशे अंशांना भाजताना राहिलेलं एखादं छिद्र तडा सुरू व्हायला पुरे होतं. मोठ्या तुकड्यात असं छिद्र असण्याची शक्यताही मोठी.

तेव्हा इथे मजबुतीचा आकडा सांगणाऱ्या प्रत्येकाने किती नमुने तोडले, ते केवढे होते, पृष्ठभाग कसा घासला होता आणि निकाल किती विखुरले, हेही सांगावं. नुसत्या सरासरीवर यंत्राचा भाग बेतू नये. तुटलेले नमुने बरोबर आणले असतील, तर तेही मांडा. तडा कुठून सुरू झाला ते सगळ्यांना पाहू द्या.

संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.