गृहस्थाचे नित्य ध्यान
(वाणगाव येथे ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात शिक्षणावर बोलावे, लग्नखर्चावर बोलावे, विद्यार्थी साहाय्य निधीवर बोलावे, असा आजवरचा प्रघात आहे. चिटणीसांनी मला ‘चित्तशांती’ हा विषय दिला, तेव्हा मला संकोच वाटला. मी योगी नव्हे, शास्त्रीही नव्हे. ढोबळ्या मिरचीचा साधा बागायतदार आहे. तथापि मनाची तळमळ मी पुरेपूर भोगली आहे. तेवढ्याच अधिकाराने चार शब्द बोलतो.

वाणगाव हे निवांत गाव आहे, असे मुंबईचे पाहुणे म्हणतात. त्यांनी पहाटे आपले स्टेशन पाहावे! २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत आल्या आणि घरी राहून मुंबईची नोकरी करणे पुष्कळांना शक्य झाले. परंतु त्याबरोबर दिवसाचे चार-पाच तास रुळांवर जाऊ लागले. बागायतदाराची गत निराळी नाही. मिरचीचे खोके बाजारास रवाना झाले, तरी मन त्या खोक्यांबरोबर रात्रभर प्रवास करीत असते. त्यातच मालगाड्यांचा नवा मार्ग, बुलेट ट्रेन आणि २०२४ साली पायाभरणी झालेले वाढवण बंदर. घरोघरी सातबारे बाहेर निघाले, आणि त्यांबरोबर जुनी दुखणीही.

माझ्या घरीही तेच झाले. वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा संपादनात गेला, मोबदला आला आणि वाटणीच्या हिशेबावरून धाकट्या भावाशी बोलणे तुटले. एका अंगणात दोन घरे, आणि दोन वर्षे शब्द नाही. अंथरुणावर पडलो की डोक्यात कचेरी भरे. तेथे वकील मी, साक्षीदार मी, न्यायाधीशही मीच. निकाल दर रात्री माझ्या बाजूने लागे. झोप मात्र लागत नसे.

अशा स्थितीत एका आप्ताने मला इगतपुरीस नेले. तेथील विपश्यनेचे केंद्र सत्यनारायण गोएंका यांनी स्थापन केले. हे गृहस्थ ब्रह्मदेशातील मोठे व्यापारी. त्यांचे अर्धशिशीचे दुखणे इतके तीव्र होते की मॉर्फिन टोचून घ्यावे लागे. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकले. पुढे १९६९ साली भारतात येऊन मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले, त्यात त्यांचे आईवडीलही बसले होते. मला विशेष वाटले ते गुरूंविषयी. ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. दिवसभर सरकारी जमाखर्चात बुडालेला मनुष्य कचेरीतील लोकांना ध्यान शिकवतो, ही गोष्ट ‘आम्हांला वेळ कोठे?’ असे म्हणणाऱ्या आम्हा गृहस्थांस निरुत्तर करणारी आहे.

दहा दिवस मौन. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायचे. श्वास लांबवायचा नाही, कोंडायचा नाही. आहे तसा जाणायचा. काम ऐकायला पोरखेळ वाटते. मी बसलो, आणि चार श्वास होतात न होतात तोच माझी कचेरी भरली! चौथ्या दिवसापासून अंगावरील संवेदना तटस्थपणे पाहावयाच्या असतात. भावाची आठवण येताच माझी छाती आवळते, जबडा घट्ट होतो, हे पन्नाशी ओलांडल्यावर मला प्रथम कळले. राग मनात असतो, असे मी समजत होतो. तो हाडामांसात ठाण मांडून बसला होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ध्यानाने मन रिकामे होत नाही. ते पुनःपुन्हा भटकते; भटकल्याचे ध्यानात येणे आणि त्यास न रागावता परत आणणे, हाच सारा अभ्यास. गुडघे दुखतात, कंटाळा येतो, झोपही येते.

काही वडील मंडळी विचारतील, आपले नामस्मरण असताना हे कशाला? त्यांनी नाम खुशाल चालवावे. गुरुदेव रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, पुढे कुलगुरूही झाले. परंतु नामाचे नित्य ध्यान त्यांनी १९५७ साली देह ठेवीपर्यंत सोडले नाही. कोणाचे आलंबन नाम, कोणाचे श्वास. नित्य बसणे दोहोंकडे सारखेच.

डॉक्टरी शास्त्राचे मतही सांगतो, कारण आपली मुले तेच विचारतात. २०१४ साली अमेरिकेत ४७ चाचण्या एकत्र तपासून पाहण्यात आल्या. चिंता, खिन्नता व वेदना यांवर ध्यानाचा बेताचा, पण खरा उपयोग दिसला; औषध वा व्यायाम यांहून ते सरस मात्र आढळले नाही. म्हणून ज्याचे मानसिक दुखणे गंभीर आहे त्याने आधी डॉक्टरांकडे जावे, परस्पर गोळ्या बंद करू नयेत.

आणखी एक गोष्ट. इगतपुरीच्या भोजनगृहात ताट घेऊन रांगेत उभे राहिलो तेव्हा पुढचा कोण, मागचा कोण, हे कोणी कोणास विचारले नाही. मौनच होते! ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे सांगताना मला जरा गंमत वाटते, पण सांगितले पाहिजे.

घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, असे तेथे सांगतात. मला ते साधत नाही. पंप सुरू करण्यापूर्वी अर्धा तास बसतो. तोडणीच्या हंगामात त्यातही खंड पडतो. तिसऱ्या महिन्यात एके सकाळी उठून मी अंगण ओलांडले आणि भावाला म्हटले, “तुझा हिशेब मला दाखव.”

तो म्हणाला, “दादा, दहा दिवस मौन पाळलंस ना? मग आता एक तास माझं ऐक.”

मी ऐकले. बाबांच्या अखेरच्या आजारपणात त्याने केलेला खर्च माझ्या आकड्यांत कोठेच नव्हता. दोन वर्षे मी तो विसरलो होतो, की विसरणे मला सोयीचे होते, हे आजही मला नक्की सांगता येत नाही. वाटणी अद्याप पुरती झालेली नाही. तहसीलच्या खेपा चालू आहेत. परंतु गणपती पुन्हा एकाच घरात बसतो, आणि रात्रीची माझी कचेरी बहुतेक रात्री बंद असते.

अध्यक्ष महाशयांना एकच विनंती. आपले सभागृह रविवारी सकाळी मोकळे असते. सहा ते साडेसहा ते उघडे ठेवावे. व्याख्यान नको, वर्गणी नको, हारतुरे तर नकोतच. ज्यांना निमूट बसावयाचे असेल त्यांनी यावे. किल्ली सांभाळण्याचे काम मी पत्करतो. चटई ज्याने त्याने घरून आणावी.