वाट करून देणारा योहान

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात रविवारी सकाळी झालेल्या चिंतनाचा मजकूर)



संयोजकांनी सकाळच्या चिंतनासाठी मला विषय निवडायची मोकळीक दिली. अट एकच घातली, की नाश्ता थंड होण्याआधी थांबायचं. महिना डिसेंबरचा आहे. नाताळच्या आधीच्या चार रविवारांना ख्रिस्ती मंडळी आगमनकाळ म्हणतात. त्यांतल्या मधल्या रविवारी बऱ्याच चर्चमध्ये एका विक्षिप्त माणसाची गोष्ट वाचली जाते. उंटाच्या केसांचं वस्त्र, कमरेला कातडी पट्टा, खायला टोळ आणि रानातला मध. बाप्तिस्मा करणारा योहान. आज त्याच्याविषयी बोलतो.

आपल्यातले पुष्कळजण ख्रिस्ती नाहीत, हे माहीत असूनच हा माणूस निवडला आहे. योहान एका धर्माच्या मालकीचा राहिलेला नाही. कुराणात तो याह्या या नावाने येतो, पैगंबर म्हणून. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या आत त्याची समाधी आहे, तिथे मुसलमानही येतात आणि ख्रिस्तीही. पोप दुसरे जॉन पॉल २००१ साली त्या मशिदीत गेले होते. इराक आणि इराणमधले मंदाई लोक त्याला आपला थोर गुरू मानतात आणि आजही वाहत्या पाण्यात स्नानविधी करतात. आणि आपल्या शेजारच्या गोव्यात २४ जूनला सांजाव असतो, तो त्याच्याच जन्माचा सण. डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून पोरं भर पावसात विहिरीत उड्या घेतात. मरीया भेटायला आली तेव्हा अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली, अशी कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. त्या उडीची ती आठवण. आपल्यातल्या दोघा-तिघांनी त्या विहिरींत उड्या मारल्या आहेत, काहींनी तर पोहता येत नसताना!

आता मुद्द्यावर येतो.

योहान याजकाचा मुलगा. वडील जखऱ्या यरुशलेमच्या मंदिरात पाळीप्रमाणे सेवा करणारे, आई अलीशिबा अहरोनाच्या वंशातली. म्हणजे त्याची जागा जन्मापासून ठरलेली होती. मंदिर, धूप, वेदी, मान. ते सगळं मागे ठेवून तो रानात गेला. लूक त्याची गोष्ट सांगताना आधी त्या काळच्या बड्या माणसांची यादी देतो: तिबिर्य कैसर, पिलात, हेरोद, फिलिप्प, लुसनिया, हन्ना, कयफा. सात नावं. सम्राटापासून प्रमुख याजकापर्यंत एकही अधिकारी सुटलेला नाही. आणि मग तो म्हणतो की देवाचं वचन यांच्यापैकी कोणाकडे आलं नाही, रानातल्या एका माणसाकडे आलं. लूकने केलेली ही थट्टा आहे, असं मला नेहमी वाटतं.

त्याने जागा निवडली यार्देन नदीची. इस्राएल लोक पूर्वी ही नदी ओलांडूनच त्या देशात आले होते. एलीया संदेष्ट्याला स्वर्गात नेलं गेलं ते या नदीच्या पलीकडे. अशा ठिकाणी लोकांना पाण्यात उतरवणं म्हणजे त्यांना सांगणं, की तुम्ही आत आलात खरे, पण पुन्हा उंबऱ्यावर जा आणि नीट आत या. नदीच्या पूर्व तीरावरची अल-मगतास ही जागा आज जॉर्डन देशात आहे. २०१५ साली युनेस्कोने ती जागतिक वारसा म्हणून नोंदवली.

त्याचा सगळा उपदेश एका शब्दात येतो. मराठी बायबलमध्ये तो शब्द ‘पश्चात्ताप’ असा उतरला आहे. शब्द जुना, चांगला, पण त्यात ‘ताप’ आहे. आधी चूक करायची, मग जळत बसायचं. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, त्याचा अर्थ मन बदलणं. त्याच्या मागे हिब्रू धातू आहे ‘शूव’, म्हणजे वळणं, परत फिरणं. वाट चुकलेला माणूस जसा फिरतो तसा. चुकलेल्या वाटेवर उभं राहून रडलं तरी गाव जवळ येत नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण आज आध्यात्मिक नूतनीकरण या नावाखाली जे चालतं त्यात भावनेचाच बाजार मोठा आहे. शिबिराला जायचं, डोळे मिटायचे, गहिवरून यायचं, फोटो टाकायचा. मी शिबिरांची चेष्टा करत नाही, मीही जातो. पण योहानाकडे गहिवरलेले लोक आले तेव्हा तो त्यांच्यावर खूश झालेला दिसत नाही. सापाची पिल्लं म्हणून त्याने त्यांची संभावना केली आणि आधी फळ दाखवा म्हणाला.

मग लोकांनी त्याला विचारलं, आम्ही करायचं तरी काय? हा प्रश्न लूकने तीन वेळा नोंदवला आहे. आधी साध्या लोकांनी विचारलं, मग जकातदारांनी, मग शिपायांनी. उत्तरं ऐकली की क्षणभर निराशा होते, इतकी ती साधी आहेत. साध्या लोकांना तो म्हणाला, ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, अन्नाचंही तसंच. शिपायांना म्हणाला, धाक घालून पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात भागवा.

आणि जकातदारांना म्हणाला, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका.

मी नोकरीची सगळी वर्षं करवसुलीच्या खात्यात काढली, त्यामुळे या ओळीपाशी मी नेहमी थांबतो. त्या काळी जकातीचा मक्ता दिला जाई. मक्तेदाराने ठरलेली रक्कम वर भरायची आणि खालून जमेल तेवढी काढायची. जकातदार म्हटलं की लोक तोंड फिरवत. अशा माणसाला कुठलाही साधू म्हणाला असता, बाबा रे, आधी हा धंदा सोड. योहान तसं म्हणाला नाही. त्याने त्यांना त्याच नाक्यावर, त्याच टेबलाशी परत पाठवलं. ज्यांनी असल्या टेबलावर काम केलं आहे त्यांना ठाऊक आहे, की नोकरी सोडून देणं त्यामानाने सोपं. निदान त्यागाचं समाधान मिळतं, चार लोक नाव घेतात. तिथेच बसून ठरलेलं तेवढंच घ्यायचं, म्हणजे रोज सकाळी नवा निर्णय. वरच्याचा हिशेब बिघडतो, खालच्याचा बिघडतो, आणि डबा खायला शेजारी कोणी बसत नाही. योहानाचं अध्यात्म ते या टेबलावरचं.

हे माझं एकट्याचं वाचन आहे असं समजू नका. योसेफस हा त्याच शतकातला ज्यू इतिहासकार. त्याने आपल्या मोठ्या इतिहासग्रंथाच्या अठराव्या भागात योहानाविषयी लिहिलं आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे योहान लोकांना एकमेकांशी न्यायाने आणि देवाशी भक्तीने वागायला सांगत असे. पाण्यातलं स्नान हे पापं धुऊन घेण्याचं साधन नव्हतं. वागणं सुधारून मन आधीच स्वच्छ झालेलं असावं, आणि मग शरीर पाण्यात उतरावं. मार्क आणि लूक ही गोष्ट जरा वेगळ्या शब्दांत मांडतात, पण आधी वळणं आणि मग पाणी हा क्रम सगळीकडे दिसतो.

आणखी एक गोष्ट तो बोलला, ती आजच्या दिवशी आपल्याला टोचेल. आम्ही अब्राहामाचे वंशज, असं म्हणणाऱ्यांना त्याने नदीकाठच्या दगडांकडे बोट दाखवून सांगितलं, की देव या दगडांतूनही अब्राहामाला मुलं देऊ शकतो. हिब्रूत मुलगे म्हणजे ‘बानीम’ आणि दगड म्हणजे ‘अवानीम’, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ती कोटीही कळली असणार. काल संध्याकाळपासून आपण किती वेळा म्हटलं, आम्ही या शाळेचे, आमची बॅच म्हणजे बॅच? म्हणायला हरकत नाही, मीही म्हटलं. पण आपल्याला घडवलं ते शाळेच्या नावाने नव्हे, ज्यांनी घडवलं ते इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना आज आपल्याकडून नाव नको आहे. आपण काय झालो ते बघायचं आहे.

आता या माणसाच्या आयुष्यातली मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट. त्याच्याभोवती गर्दी होती, शिष्य होते. तू ख्रिस्त आहेस का, एलीया आहेस का, असं लोक विचारत होते. तो प्रत्येक वेळी नाही म्हणाला. पुढे एके दिवशी येशू जवळून जात असताना त्याने स्वतःच्या दोन शिष्यांना बोटाने दाखवलं आणि ते दोघे त्याला सोडून येशूच्या मागे गेले. त्यांतला एक आंद्रिया. उरलेल्या शिष्यांनी तक्रार केली, की सगळे तिकडे चालले आहेत. त्यावर तो म्हणाला, मी नवऱ्यामुलाचा मित्र आहे, नवऱ्याचा आवाज ऐकला की माझा आनंद पुरा झाला. तो वाढायचा आणि मी कमी व्हायचं, हेच बरोबर. चर्चच्या दिनदर्शिकेत योहानाचा जन्मदिन २४ जून आणि येशूचा २५ डिसेंबर. संत ऑगस्टीन यांनी त्यावर म्हटलं होतं, की एकाच्या जन्मानंतर दिवस लहान होत जातात आणि दुसऱ्याच्या जन्मानंतर मोठे.

पालखी यायच्या आधी रस्ता झाडून रांगोळी घालणारी माणसं आपण पाहिली आहेत. पहाटेपासून खपून काढलेली ती रांगोळी पालखी आली की पावलांखाली पुसली जाते, आणि पुसली जावी म्हणूनच काढलेली असते. रांगोळीभोवती दोरी बांधून पालखीला बाजूने जा म्हणणारा मी तरी पाहिलेला नाही.

आपण सगळे आता साठीच्या आसपास आहोत. खुर्च्या सुटल्या आहेत किंवा सुटणार आहेत. घरात सुना-जावई आपल्यापेक्षा शहाणे निघाले आहेत. कमी होण्याचं वय आपोआप आलं आहे. राजीखुशीने कमी व्हायचं की कुरकुरत, एवढाच प्रश्न उरला. म्हणून दुपारच्या सभेतल्या एका विषयाबद्दल आत्ताच बोलून टाकतो, संयोजकांनी रागावू नये. प्रयोगशाळेच्या दारावर देणगीदारांची पाटी लावायची, तिच्यावर नावं रकमेच्या क्रमाने की अक्षरक्रमाने, यावर आपल्या ग्रुपवर दोन महिने वाद चालला आहे. तिघांनी ग्रुप सोडला. माझी सूचना अशी, की पाटीच नको. पाटीचा खर्च वाचेल, त्यात दोन सूक्ष्मदर्शकं येतील. आपल्या वेळी एकावर चाळीस डोकी वाकत होती, आठवतं ना? दुपारी हा ठराव मी मांडणार आहे, अनुमोदक हवा आहे.

शेवटचा भाग थोडा काळोखाचा आहे, पण तो गाळता येणार नाही. गालीलचा मांडलिक हेरोद अंतिपा याने भावाची बायको हेरोदिया हिच्याशी लग्न केलं आणि योहानाने तोंडावर सांगितलं, की हे तुला योग्य नाही. योसेफस म्हणतो, की लोक योहानाच्या शब्दावर उठतील ही हेरोदाला भीती होती. दोन्ही कारणं खरी असतील. मृत समुद्राच्या पूर्वेला माखेरस नावाच्या डोंगरी किल्ल्यावर त्याला कैदेत टाकलं आणि पुढे तिथेच मारलं. रानातल्या उघड्या आभाळाखाली राहिलेला हा माणूस तिथे चार भिंतींत बसला आणि त्याच्या मनात शंका आली. त्याने शिष्यांमार्फत येशूला विचारलं, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघावी?

ज्याने सगळ्यांना बोटाने दाखवलं त्यालाच ही शंका. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट झाकली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आपल्यातल्या कितीजणांना रात्री असं वाटतं, की ज्यासाठी आयुष्य घातलं ते खरं होतं ना? ज्यांनी मराठी शाळेसाठी आयुष्य घातलं आणि आता एकेक तुकडी बंद होताना बघतात, त्यांना तर नक्कीच वाटत असेल. येशूने त्या शंकेवर राग धरला नाही. निरोप पाठवला, की आंधळे बघताहेत, पांगळे चालताहेत, गरिबांना शुभवार्ता मिळते आहे. यशयाच्या ग्रंथातल्या खुणाच त्याने मोजून दाखवल्या. यशयात बंदिवानांच्या सुटकेचीही गोष्ट आहे. निरोपात तेवढी नव्हती. योहानाला ते कळलं असेल.

आणि लूक एक बारीक तपशील देतो. योहानाचे निरोपे निघून गेल्यावर येशू लोकांकडे वळला आणि म्हणाला, की स्त्रियांच्या पोटी जन्मलेल्यांत याच्याहून थोर कोणी नाही. निरोपे निघून गेल्यावर! योहानाच्या कानावर ते कधी गेलं असेल असं दिसत नाही.

आज सकाळी आपण दिवंगत शिक्षकांची नावं वाचली, प्रत्येक नावानंतर कोणी ना कोणी दोन शब्द चांगले बोललं. जे समोर आहेत त्यांच्याबद्दल मात्र आपण जेवणाच्या रांगेत आपापसांत बोलतो. तेव्हा बाई, तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने सांगतो. शाळा सुटल्यावर वर्ग झाडून होईपर्यंत तुम्ही ज्या पाच-सहा मुलांना बीजगणितासाठी थांबवून घ्यायचात, त्यांत मी होतो. पुढे टेबलावर बसून आकडे खरे मांडायची वेळ आली, तेव्हा ते मांडता आले. हा माईक आता मी खाली ठेवत नाही, दुसऱ्या रांगेत देतो. ज्याला ज्या सरांना, ज्या बाईंना काही सांगायचं असेल त्याने उभं राहून सांगावं. नाश्ता थोडा थांबेल.