प्राथमिक शाळेतील टॅब : एका व्यापाऱ्याचा हिशेब

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी शिक्षणतज्ज्ञ नाही. बी.कॉम.चा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी दुकानाच्या गादीवर बसविले. तेव्हापासून तागे उलगडणे आणि खतावणी लिहिणे, एवढाच माझा व्यासंग. तरीही आज या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली, त्याचे कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त गावातील प्राथमिक शाळेस पन्नास टॅब भेट द्यावेत, असा प्रस्ताव सभेत आला. टाळ्या झाल्या, माझा हात मात्र वर गेला नाही. ही वार्ता स्टेशनापासून मिरची मार्केटपर्यंत पोहोचली आणि शेठजींना गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाचे वावडे आहे, इथवर बोलले गेले. तेव्हा माझी बाजू मांडणे प्राप्त आहे.

टॅबला माझा विरोध नाही. उलट त्याची गरज मी फार जवळून पाहिली आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि प्राथमिक वर्ग जवळजवळ पावणेदोन वर्षे बंदच राहिले. माझा नातू वरच्या खोलीत टॅबसमोर बसून तास करीत असे. खाली दुकानात वीस वर्षे माझ्याकडे काम करणारा माणूस तागे लावीत असे. त्याची मुलगी तेव्हा दुसरीत होती. घरात मोबाईल एकच आणि तो दिवसभर बापाच्या खिशात. एके दिवशी तो मला सहज म्हणाला, "शेठ, मोबाईल मन्हा खिसाम्हा, अन् शाळा घर. पोर काय करी?" मला उत्तर सुचले नाही. संध्याकाळी नातवाचा जुना मोबाईल मी त्याच्या हाती दिला आणि आपण एक सत्कृत्य केले अशा समाधानात झोपलो. दोन महिन्यांनी चौकशी केली, तेव्हा कळले की मुलगी त्यावर कार्टून पाहते. अभ्यास कोठे असतो, तो कसा उघडायचा, अडले तर कोणास विचारायचे, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. आईवडील दोघेही चौथीच्या पुढे शिकलेले नाहीत. आज ती मुलगी माध्यमिक शाळेत जाते. भागाकार आला की अजूनही थबकते. मी यंत्र दिले होते, शिकविणारे माणूस दिले नव्हते. ही चूक माझी आहे.

दुसरी चूक त्याहून जुनी आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी वर्गणी काढून एका शाळेस संगणक दिले. फीत कापली, फोटो निघाला, वृत्तपत्रात छापून आला. धूळ बसू नये म्हणून संगणकांना शिवलेली आवरणे मी माझ्या दुकानातून दिली. दोन वर्षांनी त्या शाळेत जाण्याचा योग आला. आवरणे शाबूत होती, रंगही उडाला नव्हता. कापड उत्तम निघाले, असे म्हणावे की काय! संगणक चालविणाऱ्या शिक्षकांची बदली झाली होती आणि त्यानंतर कोणी ते सुरूच केले नव्हते.

व्यापारात अशा मालाला आपण पडून राहिलेला माल म्हणतो. हा प्रकार केवळ आपल्याकडेच घडतो असे नाही. आपल्या रेल्वेमार्गाने सुरत गाठून पुढे गेले की बडोदा येते. तेथील महापालिकेच्या प्राथमिक शाळांना गुजरात शासनाने २००० साली प्रत्येकी चार संगणक दिले होते. २००२ मध्ये 'प्रथम' या संस्थेने पाहणी केली, तेव्हा आढळले की ते चालविणारे कोणी नसल्याने बहुतेक संगणक खोक्यांतच होते. पुढे या संस्थेने तेच संगणक बाहेर काढून चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसविले. एका संगणकावर दोन मुले, आठवड्यास केवळ दोन तास आणि शेजारी एक प्रशिक्षित माणूस. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचे मोजमाप केले. (बॅनर्जी व डुफ्लो यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) मुलांचे गणित स्पष्टपणे सुधारले होते. यंत्रात शक्ती आहे, ती ही. ज्या मुलाला बेरीज येत नाही त्याला यंत्र बेरजेवरच थांबविते. ज्याला येते त्याला पुढे नेते. चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या गुरुजींना हे साधणे फार कठीण. आणि यंत्र चिडत नाही, हेही आहेच.

त्याच शहरात दुसरा एक उपक्रम चालू होता. वस्तीतील बऱ्यापैकी शिकलेली एक तरुणी, तिला 'बालसखी' म्हणत, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून अक्षरओळख आणि अंकगणित शिकवीत असे. खर्चाचा तपशील पाहून माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. पाच वर्षांचा घसारा धरून संगणकाचा खर्च मुलामागे वर्षास ७२२ रुपये. बालसखीचा १०७ रुपये. संगणकाने गणितात अधिक प्रगती झाली हे खरे. परंतु तेवढ्याच पैशात बालसखी साडेसहाहून अधिक मुलांना शिकवू शकली असती. शिवाय ती वाचनही शिकवीत असे. आणि हेही नमूद केले पाहिजे की, दोन्ही उपक्रम संपल्यावर वर्षभरात मुलांना झालेला लाभ बराचसा ओसरला. म्हणजे दुकान एक दिवस उघडून भागत नाही, रोज उघडावे लागते.

दूरदेशी पेरूमध्ये शासनाने हजारो प्राथमिक शाळांत मुलांना लहान लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात भाषा व गणित या विषयांत सुधारणा दिसली नाही. तेच हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ साली आपल्या महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत आले होते. तेथे मुले वीस-बावीस आणि चारही वर्ग एकाच खोलीत. अशा शाळेत गुरुजी एका वर्गास शिकवीत असता उरलेल्या तिघांच्या हातास काम मिळते. पेरू आणि खैराट येथे यंत्र एकच. परंतु मापे घेतल्याशिवाय एकाच कापडाचा सदरा सर्वांच्या अंगास बसत नाही, हे तुम्हांला मी सांगावे असे नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. धुळ्याचे सुपुत्र श्री. हर्षल विभांडिक यांनी न्यूयॉर्क येथे बँकिंग क्षेत्रात नोकरी करीत असताना धुळे जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळा डिजिटल करण्याची मोहीम चालविली. अकराशेंवर शाळांपर्यंत ती पोहोचली. त्यांची पद्धत मला व्यापारी म्हणून फार आवडते. त्यांनी सर्व रक्कम स्वतः दिली नाही. गावोगाव सभा घेतल्या, मोठा वाटा गावाने उचलावा आणि उरलेला आपण देऊ, असा व्यवहार ठेवला. ज्या शेतकऱ्याने कापूस विकून पाचशे रुपये दिले, तो शाळेवरून जाताना आत डोकावणारच. फुकट मिळालेल्या वस्तूकडे कोणी डोकावत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापण्याचा मार्ग त्यांनी दाखविला. त्यांची गोष्ट सांगायची तर वेगळे भाषण लागेल. येथे इतकेच की, पालकांच्या साध्या स्मार्टफोनवरही ते कोड उघडतात. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र यंत्र असलेच पाहिजे, असे नाही.

आपल्याकडे ज्ञानपंचमीला ग्रंथभांडारातील पोथ्या बाहेर काढतात, झटकतात, वेष्टने बदलतात. शेकडो वर्षांच्या पोथ्या आज हाताळता येतात, त्या लिहवून घेणाऱ्या दात्यांइतक्याच दरवर्षी धूळ झटकणाऱ्या हातांमुळे. दात्याचे नाव पोथीच्या अखेरीस सापडते. धूळ झटकणाऱ्याचे कोठेच नसते. टॅबचे आयुष्य तर चार-पाच वर्षांचे. त्याची बॅटरी उतरते, काच फुटते, आतला अभ्यासक्रम जुना होतो.

तेव्हा माझी विनंती अशी. पन्नासऐवजी वीस टॅब घ्यावेत. दोन मुलांत एक, म्हणजे चाळीस मुलांचा वर्ग एका वेळी बसेल. दोघे मिळून बसली म्हणजे आपसांत बोलतात, भांडतात, एकमेकांस चूक दाखवितात. आठवड्यास प्रत्येक वर्गाला दोन तास, तेही मुख्यत्वे गणिताच्या सरावासाठी. पहिलीच्या मुलांना त्यापासून दूरच ठेवावे. त्यांच्या बोटांना अजून पाटी-पेन्सिलीची गरज आहे, असे माझे मत आहे. आपल्यातील डॉक्टर मंडळी डोळ्यांविषयी अधिक सांगू शकतील.

तीस टॅबचे जे पैसे वाचतील, त्यांतील काही भाग दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा आणि ते खाते तीन वर्षे अन्य कशासाठीही मोडू नये. उरलेल्या रकमेतून गावातील दोन शिकलेल्या मुलींना मानधन देऊन मागे पडलेल्या मुलांसाठी नेमावे. मुली अशा हव्यात की ज्या मुलांशी अहिराणीत बोलून त्यांना प्रमाण मराठीपर्यंत आणतील. त्यांपैकी एकीचे तीन वर्षांचे मानधन माझ्या दुकानाकडून देण्याची माझी तयारी आहे. त्यावर नावाची पाटी नको.

मुख्याध्यापक महोदयांना मी गेल्या आठवड्यात भेटलो. किती टॅब हवेत, हे त्यांना आजवर कोणीच विचारले नव्हते. त्यांनी प्रथम विचारले, "शेठजी, कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार? एखादा टॅब फुटला तर भरपाई शिक्षकांच्या पगारातून कापणार का?" या भीतीपोटीच अनेक शाळांत यंत्रे कुलपात राहतात, असे ते म्हणाले. मी त्यांना शब्द देऊन आलो आहे. तो विश्वस्त मंडळाने पाळावा ही प्रार्थना. किल्ली वर्गशिक्षकांकडे राहील, आणि फुटलेल्या काचेचा खर्च दुरुस्ती खात्यात नावे पडेल.

जय जिनेंद्र.