वकिलाच्या दप्तरातील शहाणपण

कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला वकीलसाहेबांइतकाच त्यांचा कारकून ठाऊक असतो. आमच्या वडिलांचा बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू होता, तेव्हा आमच्या वकिलांकडे असेच एक जुने कारकून होते. कोणाचा बस्ता कोणत्या फळीवर, पुढची तारीख कोणती, अशाच भांडणात पूर्वी कोणता निवाडा कामी आला, सारे त्यांना तोंडपाठ. एका पावसाळ्यात ते वारले आणि आमचा मोजणीचा नकाशा सापडेना! दोन तारखा फुकट गेल्या. शेवटी तो निघाला दुसऱ्याच पक्षकाराच्या बस्त्यात. गाव एक, आडनाव एक. दोघांतला फरक कारकुनांना माहीत होता. पण लिहिलेला कुठंच नव्हता.

पुढे वकीलसाहेबांनी संगणक घेतला, कागद स्कॅन करून त्यात घातले. नावे काय दिली म्हणता? ‘नवा दावा’, ‘नवा दावा दुरुस्त’, ‘नवा दावा शेवटचा’. फळीवरचा गोंधळ यंत्रात गेला, इतकेच!

खरी सुधारणा केली ती त्यांच्या हाताखालच्या एका तरुण वकीलबाईंनी. दावा निकाली निघाला, की त्या अर्ध्या पानाचे टिपण लिहीत. वाद कशाचा होता, कोणता पुरावा टिकला, कोणता निवाडा उपयोगी पडला आणि आपण कुठे चुकलो. वर पक्षकाराचे पूर्ण नाव, गट नंबर, वर्ष. चुका लिहून ठेवणे वकीलसाहेबांना प्रथम रुचले नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईसारख्या शहरांतील मोठ्या पेढ्यांत या कामाला वेगळी माणसे नेमतात. तालुक्याला हे एकट्या बाईंनी केले.

आता निवाड्यांविषयी. नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे खंड १९१४ पासूनचे. कपाटातली त्यांची रांग ही एके काळी वकिलाची श्रीमंती होती. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे ई-एससीआरवर कोणालाही विनामूल्य शोधता येतात. निवाडा मिळणे सोपे झाले. तो आपल्या दाव्याला लागू पडतो का, हे पाहणे तेवढेच अवघड राहिले. त्याच २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये, एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात, वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे न तपासता कोर्टापुढे मांडले. त्यांतले सहा कोणत्याच कोर्टाने दिलेले नव्हते! न्यायाधीश कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड केला. आमचे जुने कारकून आठवले नाही, तर ‘बघून सांगतो’ म्हणत. त्या यंत्राने तसे म्हटले नाही, आणि वकिलांनीही बघितले नाही.

ज्यांचे दावे चालू आहेत, त्यांनी वकिलांकडून आपल्या दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मागून घ्यावा. ई-कोर्ट्सवर तो घातला, की पुढची तारीख मोबाईलवर दिसते. गावातल्या गुरुजींनी एकदा करून दाखवले, तर पुष्कळांचा एसटीचा हेलपाटा वाचेल. आणि मूळ कागद देताना यादी करून तिच्यावर सही घ्यावी, बरे का. आमचा नकाशा आता घरच्या ट्रंकेत असतो. वकीलसाहेबांकडे त्याची प्रत आहे, वर गट नंबर आणि वडिलांचे पूर्ण नाव घातलेली.