सासूबाईंचे बिरडे

मी सातवी शिकलेली बाई; घरचेच सांगते. सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. मेंदूच्या डाव्या बाजूचे रक्त अडले की असे होते. कुणाचे तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तेल चोळीत बसू नये. १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून पनवेल गाठण्यातच बराच वेळ जातो.

व्यायामाचा रबरी चेंडू त्यांनी रागाने फेकला. मग मी मोड आलेले वाल पुढ्यात ठेविले. पहिल्या दिवशी सात सोलले. शेजारीण म्हणाली, "आजारी माणसाला कामाला काय लावता?" सासूबाईंनी डाव्या हाताने तिलाच गप्प बसविले! आता वाटीभर बिरडे त्या स्वतः सोलतात, आणि मीठ कमी पडले की बोबड्या बोलात मला सुनावतात.