खांद्याचा फोटो



नव्या यंत्रांविषयी आज दिवसभर जाणकार बोलणार आहेतच. मी एका जुन्या फिल्मविषयी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीतला एक शेतकरी माझ्याकडे आला. हातातल्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते, उजवा खांदा. फोटो निघाला. मी सांधा पाहिला, हाडं पाहिली, कुठे कॅल्शियम साचलंय का ते पाहिलं आणि 'विशेष दोष नाही' असा रिपोर्ट दिला. चार महिन्यांनी तोच माणूस छातीच्या सीटी स्कॅनसाठी आला. फुप्फुसाच्या अगदी शेंड्याला गाठ होती आणि ती हाताकडे जाणाऱ्या नसांपर्यंत पोचली होती. खांदा दुखत होता तो त्यामुळे.

मी जुनी फिल्म शोधून व्ह्यू बॉक्सवर लावली. खांद्याच्या फोटोत फुप्फुसाचा शेंडाही येतो, मानेच्या बाजूला, कॉलर बोनच्या मागे. तिथे हवेचा काळेपणा दिसायला हवा होता. तिथे पांढुरकं होतं. एकदा दिसल्यावर नजर तिथून हलेना. टेक्निशियन शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "सर, त्या दिवशी हे सारखे खोकत होते. फोटो दोनदा घ्यावा लागला."

त्याच्या डॉक्टरांना ठाऊक होतं की हा माणूस तीस वर्षं विड्या ओढतोय आणि अलीकडे वाळत चाललाय. टेक्निशियनला खोकला ठाऊक होता. फिल्म माझ्यापुढे होती. तिघांजवळचं कधी एकत्र आलंच नाही. चिठ्ठी अपुरी होती हे खरं, पण चूक माझी होती. तो माणूस बाहेर बाकावर बसला होता. मी उठून चार पावलं चाललो असतो आणि "काका, आणखी काय होतंय?" एवढं विचारलं असतं, तरी पुरलं असतं.

आपल्याकडे पेशंट 'फोटो काढायचाय' असं म्हणतो. शब्द गोड आहे, पण फसवा आहे. लग्नाच्या फोटोत मामा म्हणजे मामाच असतो. एक्स-रे मात्र सावली असते. विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत हे किरण सापडले आणि त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताची जी सुप्रसिद्ध प्रतिमा घेतली, त्यात हाडं आणि अंगठी दिसते ती सावली म्हणूनच. हवा काळी, हाड पांढरं. पण पाणी, पू, रक्त आणि गाठ यांची सावली जवळजवळ एकसारखी पडते. उजव्या फुप्फुसात खाली एक पांढरा डाग आहे असं समजा. चार दिवस थंडी वाजून ताप येत असेल, तर तो न्यूमोनिया. दोन महिने संध्याकाळी कणकण आणि वजनात घट असेल, तर क्षयाचा विचार आधी. काल मोटारसायकलवरून पडला असेल, तर फुप्फुसाला बसलेला मार. फिल्म तीच, डागही तोच. निदान बदलतं ते पेशंटच्या हकिगतीने.

कुणी म्हणेल, हे जुन्या एक्स-रेचं झालं, आता सीटी आहे, एमआरआय आहे. सीटीने खरोखरच वैद्यक बदललं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांनी सावलीला आकडा दिला. पाणी शून्य, हवा उणे हजार, नुकतंच गोठलेलं रक्त साधारण साठ ते ऐंशी. या आकड्याचं मोल रात्री दोन वाजता कळतं. अर्धं अंग गेलेला माणूस समोर असतो. रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे नुसत्या तपासणीवरून कुणालाही खात्रीने सांगता येत नाही. तुंबली असेल तर गाठ विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं. फुटली असेल तर तेच औषध जीव घेईल. स्कॅन काही मिनिटांत हा निवाडा करतो. ते साडेचार तास कधी सुरू झाले, हे मात्र स्कॅन सांगत नाही. ते सांगते त्याची बायको: "नऊच्या बातम्या लागल्या तेव्हा बरे होते." ही वेळ चिठ्ठीवर हवी.

प्रतिमेला कमी लेखायचं माझ्या मनात नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत एक्स-रे घेतला नसता, तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण हातातून निसटले असते. नुसती लक्षणं विचारून ते कळलेच नसते. क्षय आहे हे शेवटी थुंकीने ठरवलं, पण कुणाची थुंकी तपासायची ते दाखवलं सावलीने. गावोगाव हातात मावणारी एक्स-रे यंत्रं फिरू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

आता पाठीच्या एमआरआयकडे वळतो, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात मोठा गठ्ठा त्याचा असतो. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य आपण महाराष्ट्राला दिलं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ९८ जणांच्या कमरेचा एमआरआय केला गेला. त्यांतल्या एकाचीही पाठ दुखत नव्हती. तरी निम्म्याहून अधिक जणांत कुठे ना कुठे चकती फुगलेली निघाली. सगळ्या चकत्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के. म्हणजे मणक्यातला फुगवटा हा पुष्कळदा केसातल्या पांढऱ्या बटेसारखा असतो. मी रिपोर्टात 'फुगवटा' लिहितो, तो कागद घरी जातो, आणि चाळिशीची बाई घागर उचलणं सोडते, नातवाला कडेवर घेणं सोडते, मनाने म्हातारी होते. वेदना कुठे उतरते, पायाची शक्ती कमी झाली आहे का, लघवीवरचा ताबा गेला आहे का, हे फॅमिली डॉक्टरांनो, तुम्ही तपासून कळवलंत तर तो फुगवटा दोषी की निर्दोष, हे मी लिहू शकेन. नाहीतर दिसेल ते लिहून मोकळा होईन, आणि त्या कागदाचं ओझं ती बाई वाहील.

एक प्रश्न मात्र असा आहे की ज्याचं उत्तर द्यायचंच नाही: मुलगा की मुलगी? गर्भजल तपासून मुलगी कळते म्हटल्यावर काय झालं, ते महाराष्ट्राने पाहिलं. १९८८ साली त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा याच राज्याने केला. पुढे सोनोग्राफीही याच कामाला जुंपली गेली. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे आपल्याकडे ८९४ मुली होत्या. बाळाचं हृदय, मणका, वारेची जागा पाहून बाळंतिणीचा जीव वाचवणारं हे यंत्र आपल्यातल्याच काहींच्या हातात मुलींचा काळ झालं. गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी कायद्याने भराव्या लागणाऱ्या एफ फॉर्मच्या कटकटीबद्दल आपण तक्रार करतो, मीही केली आहे. पण तो भरताना मला त्या न जन्मलेल्या मुली आठवतात आणि मी रकाना मोकळा सोडत नाही.

तुमच्या फाइलमध्ये तपासणीच्या चिठ्ठीचा एक नमुना ठेवला आहे. चारच ओळी आहेत: काय होतंय, किती दिवसांपासून, तुम्हाला कशाची शंका आहे, आणि आधीचे फोटो कुठे आहेत. खाली टेक्निशियनसाठी एक रिकामी जागा आहे, त्याला जे दिसलं ते लिहायला. ती जागा त्या खोकल्यासाठी आहे. रेडिओलॉजिस्टांनी रिपोर्टाच्या तळाशी पेशंटला समजेल अशा मराठीत दोन ओळी लिहाव्यात, अशीही माझी सूचना आहे. दुपारच्या सत्रात यावर चर्चा ठेवली आहे. दवाखान्यात साठ पेशंट खोळंबलेले असताना चार ओळी लिहिणं जड जातं, हे मला माहीत आहे. ओळी कमी करता येतील का, कोणती गाळायची, ते तुम्ही सांगा. वयाची ओळ मी विसरलो होतो. ती काल रात्री एका तरुण डॉक्टर मुलीने दाखवून दिली. ती पेनाने घालून घ्या.