वेबसाइट करून घेताना

दुकानाची वेबसाइट करायला घेतली, की जाणता फ्रीलान्स डिझायनर आधी रंग विचारत नाही. गिऱ्हाईक फोन करणार की तिथेच ऑर्डर देणार, हे विचारतो. मग पानं किती, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कोणत्या टप्प्यावर, हे कागदावर येतं. आगाऊ रक्कम मागितली तर कुरकुर नको. काम खरं अडतं मजकुरापाशी: फोटो, दरपत्रक मालकानेच द्यायचं, आणि मालक म्हणतो, 'उद्या पाठवतो.' डोमेन मात्र स्वतःच्याच नावावर घ्या. आणखी एक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरून करून घेतलेल्या डिझाइनचा हक्क सहसा डिझायनरकडेच राहतो. तो तुमच्याकडे यायला सही केलेला लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर हक्क ५ वर्षांपुरताच धरतात.